आधी छप्पर, मग झोळी

लोणावळा स्टेशनवर उतरून भांगरवाडीच्या बाजूनं औंढे आणि औंढोलीकडे चालायला लागलं, की हळूहळू बंगले विरळ होतात आणि भातखाचरं दिसू लागतात. हीच वाट पुढे दुधिवरे खिंडीतून पवन मावळात जाते. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारही किल्ले या टापूत येतात. पाठीवर पिशवी घेऊन दोन दिवस भटकायचं असेल तर याहून चांगला मुलूख पुण्या-मुंबईजवळ मिळणं कठीण. प्रश्न येतो तो संध्याकाळी, पाठ टेकायची वेळ झाली की.

तंबू म्हणजे कोरड्या, सपाट आणि मेख आत जाईल इतक्या मऊ जमिनीची मागणी. मावळात अशी जमीन जिथे आहे तिथे भात लावलेलं असतं. खाचरं सोडली तर उरतो कातळ किंवा उताराचं रान. कातळावर मेख जात नाही. रानात उतार, दगड, मुळं आणि पावसाळ्यानंतरही कितीतरी आठवडे मुरत राहणारं पाणी. दोन माणसांचा चांगला दुहेरी कापडाचा तंबू अडीच-तीन किलो भरतो आणि तो वाहून आणल्यावर लावायला जागाच सापडत नाही. झाडं मात्र सगळीकडे आहेत. म्हणून या मुलखात मुक्कामाचा विचार जमिनीवरून उचलून झाडांवर नेणं शहाणपणाचं ठरतं. वर एक हलकी ताडपत्री, खाली एक कापडी झोळी, आणि दोन्ही बांधायला दोऱ्या. ट्रेकर मंडळी यांना टार्प आणि हॅमॉक म्हणतात. दोन्हींचं वजन मिळून दीड किलोच्या आत बसवता येतं.

ही कल्पना परदेशी सामानाबरोबर आली असं वाटत असेल तर आवणीच्या दिवसांत मावळातल्या कुठल्याही बांधावर पाहावं. तान्ह्या मुलाला घेऊन शेतावर आलेली आई बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधते. मूल चिखलापासून, मुंग्यांपासून, विंचवा-किरडापासून वर राहतं. कापड अंगाभोवती मिटतं, त्यामुळे वारा लागत नाही आणि पडायची भीती नाही. भात पोटरीला आलं की रानडुकरांपासून राखण करायला चार खांबांवर माळा उभा राहतो. त्यावर पेंढ्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर, खाली मोकळी हवा. आणि भर पावसात वाकून रोपं लावणाऱ्याच्या पाठीवर इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, आणि आकार असा की वाकलेल्या पाठीवरून पाणी मागे ओघळून जावं. हल्ली इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदानं घेतली आहे, पण पाण्याला उतार द्यायचा आणि वाऱ्याकडे पाठ करायची हे तत्त्व तेच आहे. टार्प लावणं म्हणजे हे तत्त्व कापडावर उतरवणं.

झोळीचा आणखी एक उपयोग या डोंगरांत आहे आणि तो आनंदाचा नाही. सह्याद्रीतल्या ज्या वाड्यांना अजून रस्ता नाही, तिथून आजारी माणसाला आणि अडलेल्या बाईला घोंगडी किंवा चादर लांब दांड्याला बांधून, चार जणांनी खांदे बदलत खाली आणावं लागतं. आपण हौसेनं ज्यात झोपतो तेच साधन तिथे रुग्णवाहिका आहे. हे डोक्यात असलं की दोन गोष्टी होतात. आपलं सामान मजबूत घ्यावंसं वाटतं, कारण वेळ आल्यावर त्यातून सोबत्याला उतरवता येतं. आणि वाटेतल्या वाडीकडे बघण्याची नजर बदलते. एक सावधगिरी मात्र लक्षात ठेवावी. मान किंवा पाठीचा कणा दुखावल्याची शंका असेल तर माणसाला झोळीत घालू नये. कापड शरीराला वाकवतं आणि इजा वाढते. अशा वेळी त्याला न हलवता मदत बोलवावी. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही संस्था डोंगरात अडकलेल्यांच्या सुटकेचं काम करते, तिची माणसं स्ट्रेचर आणि दोर घेऊन येतात.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही लोक याच युक्तीपाशी पोचले होते. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक सुताच्या जाळीदार झोळ्यांत झोपताना त्यानं पाहिले. पुढे जहाजांवर ती पद्धत रुजली, कारण हेलकावणाऱ्या जहाजात टांगलेली झोळी सरळ राहते आणि दिवसा गुंडाळून ठेवली की जागा मोकळी होते. इंग्लंडच्या नौदलानं १५९७ मध्ये ती रीतसर स्वीकारली. व्हिएतनामच्या युद्धात हो चि मिन्ह मार्गावरून चालणारे उत्तर व्हिएतनामी सैनिक पाठीवर हलकी झोळी आणि प्लास्टिकचा कागद घेऊन जंगलात महिने काढत. पावसाचं, दाट झाडीचं, ओल्या जमिनीचं रान असलं की माणूस झाडाला लटकतो.

या विषयावरच्या पाश्चात्त्य पुस्तकांत शिकारीचा उल्लेख हटकून येतो, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट बोलून टाकू. भारतात शिकारीसाठी रानात मुक्काम करण्याचा प्रश्नच उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद केली. कायद्यातली शिकारीची व्याख्याही मोठी आहे. फास लावणं, सापळा मांडणं, हाका घालून जनावर उठवणं, घरट्यांची आणि अंड्यांची नासधूस हे सगळं तिच्यात येतं. हा कायदा योग्य आहे असं मला मनापासून वाटतं.

पण शिकाऱ्यांनी जमवलेलं एक ज्ञान टाकून देण्यासारखं नाही: रात्रभर जमिनीपासून वर, न हलता, न बोलता बसण्याचं. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटनं मारला तो आंब्याच्या झाडावर बसून. मचाणावर माणसाचा वास खाली कमी पोचतो आणि सावली दिसत नाही. आज महाराष्ट्राच्या वनखात्यातर्फे बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाट अशा जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना बसवतात, आणि ते चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. शिकाऱ्याची बैठक तशीच राहिली, हातातली बंदूक जाऊन वही आली. शांतपणे टांगलेल्या झोळीतूनही पहाटेच्या वेळी पुष्कळ दिसतं. मावळातल्या दाट रानात शेकरू, वानर, भेकर, मोर आणि कितीतरी पक्षी आहेत, आणि माणूस हलत नसला की ते आपापल्या कामाला लागतात.

आता प्रत्यक्ष साधनांकडे. नवखा माणूस आधी हॅमॉक विकत घेतो आणि टार्प नंतर बघू म्हणतो. माझं सांगणं उलट आहे. चांगलं छप्पर असेल तर खाली जमिनीवर चटई टाकूनही रात्र निघते. छप्पर नसेल तर उत्तम हॅमॉक म्हणजे पाणी साठवणारी पिशवी.

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथून साधारण ६५ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास. सव्वासहाशे मीटर उंचीवरचं हे गाव घाटमाथ्याच्या अगदी कडेला आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकणातून उभ्या कड्यावर चढतात, थंड होतात आणि इथेच रिकामे होतात. कड्यावरून वर आलेला वारा पावसाला आडवा नेतो. म्हणून मावळात छपराचं काम वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा बाजूनं येणाऱ्या पाण्याशी जास्त असतं. इथल्या घरांच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी पेंढा किंवा प्लास्टिकचा कागद लावतात तो यासाठीच. टार्पची पश्चिमेची किंवा नैऋत्येची बाजूही तशीच जमिनीपर्यंत खाली आणून घट्ट बांधावी, दुसरी बाजू हवेसाठी वर ठेवावी. वारा फिरतो आहे असं वाटलं तर दोन्ही बाजू खाली.

सुरुवातीला बाजारातली प्लास्टिकची ताडपत्री पुरते. दहा बाय बारा फुटांची, मध्यम जाडीची ताडपत्री सव्वा ते दीड किलो भरते. ती वाऱ्यात फडफडते, घडी जाड होते, पण स्वस्त आहे आणि तिच्यावर हात बसतो. तिची धातूची भोकं वाऱ्याच्या हिसक्यानं निघून येतात. त्यांच्यावर भरवसा न ठेवता कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत खडा घालून, कापड त्याभोवती आवळून, त्या गाठोड्याच्या मानेला दोरी बांधावी. मग ताडपत्री फाटेल, पण दोरी सुटणार नाही. याच मापाचं सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचं टार्प अर्ध्या किलोच्या आसपास बसतं आणि मुठीत मावतं. त्याचा एक दोष विकणारे सांगत नाहीत. नायलॉन पाणी शोषून सैल पडतं. संध्याकाळी तंग बांधलेलं छप्पर रात्री झोळासारखं लोंबतं आणि त्यात पाणी साठतं. झोपण्यापूर्वी एकदा उठून दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिस्टरच्या टार्पला हा त्रास बराच कमी आहे. पावसाळी मुलखात मी पॉलिस्टरला झुकतं माप देईन.

लावण्याची पद्धत सोपी आहे. दोन झाडांमध्ये डोक्याएवढ्या उंचीवर एक दोरी तंग ताणायची. ही आढ्याची दोरी. तिच्यावर टार्प मधोमध टाकायचं आणि त्याचे दोन टोकांचे मध्य आढ्याच्या दोरीला अशा गाठीनं धरायचे की हातानं सरकतील, पण ओढल्यावर घट्ट बसतील. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिकनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ याच कामाची आहे: पातळ दोरीचं वेटोळं जाड दोरीवर तीन वेढे घेऊन स्वतःतूनच बाहेर काढायचं. गिर्यारोहणाच्या कुठल्याही शिबिरात ती पहिल्याच दिवशी शिकवतात. बाकीच्या गाठी सुरगाठीच असाव्यात. पहाटे थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी, भिजलेल्या दोरीची निरगाठ सुटत नाही आणि मग सुरी काढून चांगली दोरी कापावी लागते.

चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या जमिनीकडे तिरप्या न्यायच्या. मेख जात नसेल तिथे दोरी एका लांबट दगडाला बांधावी आणि त्या दगडापुढे, छपराच्या बाजूला, मोठा दगड ठेवावा. वाऱ्यानं ओढ घेतली की लहान दगड मोठ्यावर अडतो. दगड पडकाच घ्यावा. कुठल्याही जुन्या बांधकामाचा, तटाचा किंवा बांधाचा दगड हलवू नये. पठारावर झाडं नसतील तर दोन काठ्या उभ्या करून त्यांवर टार्प टाकता येतं आणि मग झोपणं जमिनीवर. म्हणूनच टार्प आधी घ्यावं असं म्हणतो.

पावसात पोचलो तर पिशवीतून पहिलं टार्प निघालं पाहिजे, आणि सकाळी निघताना ते सर्वांत शेवटी आत गेलं पाहिजे. म्हणून ते पिशवीत अगदी वर, वेगळ्या थैलीत ठेवावं. ओलं टार्प कोरड्या कपड्यांबरोबर भरलं तर सगळाच कारभार ओला होतो.

छपराखाली आता झोळी. इथे थोडं गणित केलं की बरेच अपघात टळतात. झोळी जितकी आडवी आणि तंग बांधाल तितका दोरीवरचा ताण वाढतो. आडव्या रेषेशी दोरीचा कोन ३० अंश असेल तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरीवर साधारण ७० किलोचाच ताण येतो. कोन १० अंशांवर आणला तर तो दोनशे किलो होतो, आणि ५ अंशांवर चारशे. पलंगासारखं सपाट झोपायला मिळावं म्हणून लोक झोळी कचकचून ओढतात, आणि मग पट्टा तुटतो, शिवण उसवते किंवा बारीक झाड वाकतं. ३० अंश मोजायला यंत्र नको. तर्जनी आणि अंगठा काटकोनात उघडून, तर्जनी आडवी धरली, तर अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरपी रेषा जवळपास तोच कोन दाखवते. दोरी त्या रेषेला समांतर दिसली की पुरे.

मग झोळीत पोक येतो, त्याचं काय? झोळीत सरळ झोपायचंच नाही. तिरकं झोपायचं: डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. शरीर कर्णावर आलं की कापड पाठीखाली पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. यासाठी झोळी पुरेशी मोठी हवी, साधारण ११ फूट लांब आणि ५ फूट रुंद. बाजारात मिळणाऱ्या ८-९ फुटांच्या झोळ्या दुपारी पुस्तक वाचायला ठीक आहेत, रात्रीला नाहीत. दोन्ही टोकांना जोडणारी न ताणली जाणारी एक पातळ दोरी झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के, म्हणजे ११ फुटी झोळीला नऊ फुटांच्या थोडी वर ठेवली, तर झाडं जवळ असोत की लांब, झोळीचा खोलगटपणा तोच राहतो. त्याच दोरीवर रात्री टॉर्च आणि चष्मा अडकवता येतो.

उंची खुर्चीएवढी. झोळीत बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उंच टांगण्यात काहीही शौर्य नाही, आणि खाली दगड असेल तर गुडघाभर उंचीवरूनही माणूस जायबंदी होतो. आत शिरताना आधी मधोमध बसून पूर्ण भार टाकून पाहावा, मग पाय वर घ्यावेत.

झाडाला दोरी थेट बांधू नये. सालीच्या आत लगेचच तो जिवंत थर असतो ज्यातून पानांनी तयार केलेलं अन्न खाली जातं. बारीक दोरी माणसाच्या भारानं साल कापत आत रुतते. किमान अडीच सेंटिमीटर रुंदीचा, शक्य तर त्याच्या दुप्पट रुंदीचा पॉलिस्टरचा पट्टा वापरावा. नायलॉनचा पट्टा भारानं लांबतो आणि पहाटेपर्यंत आपण जमिनीला टेकतो. पावसात पट्ट्यावरून पाण्याची धार सरळ झोळीत येते. ती अडवायला झोळीच्या अलीकडे, छपराच्या आत, पट्ट्याला सुती दोरीचा तुकडा बांधून लोंबता ठेवावा. पाणी त्यावरून खाली गळतं. हा एक वीत सुताचा तुकडा कित्येक महागड्या गोष्टींपेक्षा जास्त उपयोगी आहे.

झाड निवडताना आधी वर बघावं. वाळकी फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडावी. बुंधा मांडीएवढा जाड आणि हलवल्यावर न हलणारा हवा. दोन झाडांत चार-साडेचार मीटर अंतर असलं की काम सोपं होतं. औंढ्याच्या परिसरात आंबा, जांभूळ, हिरडा ही भरवशाची झाडं. पांगारा आणि काटेसावर यांचं लाकूड पोचट, शिवाय बुंध्याला काटे. उंबर फळांच्या दिवसांत रात्रभर जागं असतं, वटवाघळं येतात आणि खाली फळांचा सडा पडतो. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं झाड एकदा भोगलं की माणूस विसरत नाही.

आग्या मोहोळ दिसलं तर मात्र त्या झाडाजवळच काय, आसपासही थांबू नये. सह्याद्रीच्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर ही पोळी सर्रास असतात. धूर, गलका किंवा दगड यांनी ती उठतात आणि मग पळायला वाट उरत नाही. आणि देवराई. मावळात गावोगावच्या देवराया लोकांनी काडीलाही हात न लावता राखल्या आहेत. तिथली झाडं जाड, सावली दाट, जागा मोहात पाडणारी. तिथे झोळी बांधू नये. गावाच्या श्रद्धेचा मान तर राखायचाच, पण त्या रानात शतकानुशतकं कुणी ढवळाढवळ केलेली नाही, आणि ती आपल्यापासून सुरू होऊ नये.

झोळीत थंडी खालून लागते, हे पहिल्या रात्री फार कमी जणांना ठाऊक असतं. अंगाखालचं पांघरूण आपल्याच वजनानं दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि खालून वाहणारा वारा पाठीची ऊब घेऊन जातो. डिसेंबर-जानेवारीत लोणावळ्यात पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास येतो, त्यात वारा असला की पाठ गारठते. उपाय दोन. पाठीखाली फोमची चटई घालावी, किंवा झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला, दाबलं न जाणारं पांघरूण लोंबतं बांधावं. आपली घोंगडी इथे मोलाची. जाड लोकर दाबली गेली तरी पुष्कळ ऊब धरते आणि दमट हवेतही ती टिकते. दुपदरी झोळीच्या दोन पदरांमध्ये घोंगडी घातली तर ती सरकत नाही, आणि पातळ कापडातून खालून चावणारे डासही थांबतात. वजन वाढतं, पण महागड्या रजईचे पैसे वाचतात.

जागेचाही थंडीशी संबंध आहे. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून वाहत ओढ्यात आणि जलाशयाच्या काठी साठते. पवना धरणाच्या पाण्यालगत पहाटे सगळं दवानं चिंब होतं, तेव्हा थोड्या वरच्या उतारावरचं रान कोरडं असतं. पाऊस नसला तरी टार्प लावावं ते यासाठी. उघड्या आकाशाखाली शरीराची आणि पांघरुणाची ऊब थेट वर निघून जाते, छपराखाली ती बरीच अडते.

आणि मण्यार. जमिनीपासून वर झोपण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावल्याच्या घटना आपल्याकडे वर्षानुवर्षं घडत आल्या आहेत. चावा बारीक, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. अशी लक्षणं दिसली तर पित्त झालं असेल म्हणून वाट न बघता प्रतिविष मिळेल असा दवाखाना गाठावा. झोळीनं हा धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. रात्री पाय खाली टाकण्यापूर्वी उजेड पाडावा, आणि बूट जमिनीवर न ठेवता झोळीखाली दोरीला उलटे टांगावेत. कोकणातला लाल विंचू एके काळी किती जीव घेत असे, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे जगाला कळलं. त्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडलं. असा विंचू दगडाच्या कपारीत असतो आणि बुटात शिरायला त्याला आवडतं.

बिबट्याचा प्रश्न सगळे विचारतात. मावळात बिबटे आहेत. झोळी त्यांच्यापासून संरक्षण देत नाही, पण बिबट्या माणसांच्या घोळक्यापासून दूर राहतो. त्याला जवळ आणतं ते आपलं खरकटं: उरलेल्या अन्नावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. अन्न बंद डब्यात ठेवावं, खरकटं पिशवीत भरून परत न्यावं.

विजेबाबत तडजोड नको. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात दुपारनंतर ढग गडगडू लागले, तर झाडाला टांगलेली झोळी ही थांबायची जागा नव्हे. माथा आणि एकटं झाड सोडून खाली उतरावं, पक्कं घर गाठावं.

जून ते सप्टेंबर या दिवसांत तर या मुलखात हलक्या छपराखाली रात्र काढायचा बेत मुळातच करू नये, असं माझं मत आहे. याच डोंगरांत, थोड्याशा अंतरावर, भाजे, कार्ले आणि बेडसे इथली लेणी आहेत. भाज्याची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. आठ महिने पायी हिंडणाऱ्या भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी काढावेत असा नियम होता. वर्षावासासाठी इथे छप्पर म्हणून कातळच कोरला गेला. आपण ऐन पावसात गेलोच तर दिवसा हिंडावं आणि रात्री गावात कुणाच्या पडवीत राहावं.

कुठे राहायचं नाही याचे नियमही पाहून घ्यावेत. लोहगड आणि विसापूर हे केंद्र सरकारनं संरक्षित केलेले किल्ले आहेत आणि सूर्यास्तानंतर तिथे थांबायला बंदी आहे. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. राखीव जंगलात राहायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार तिथे आग पेटवणं गुन्हा आहे. राजमाचीच्या परिसरात मे अखेरीस काजवे झाडांवर दाटतात, तेव्हा त्या झाडांना पट्टे बांधू नयेत आणि टॉर्च मारू नयेत. उजेडानं त्यांचं मीलन बिघडतं.

आगीबद्दल शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेल्या या पत्रात त्यांनी बारीक बारीक धोके मोजून दाखवले आहेत: कुणी कुठेही चूल मांडेल, कुणी चिलमीसाठी विस्तव नेईल, उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल, आणि गवताची गंज पेटून सगळी छावणी उघडी पडेल. नोव्हेंबरनंतर मावळातलं गवत अगदी याच अवस्थेत असतं, आणि नायलॉनचं टार्प ठिणगीनं वितळतं. स्वयंपाक लहान गॅसच्या शेगडीवर, छपराबाहेर, उघड्या कातळावर करावा. शेकोटीचा हट्ट सोडून द्यावा.

पवनेच्या काठावर हल्ली रांगेनं तंबू लागतात, मोठ्या आवाजात गाणी वाजतात. त्यातून गावातल्या तरुणांना रोजगार मिळतो हे खरं आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण टार्प आणि झोळी घेऊन येणाऱ्याला त्या रांगेत जागा शोधायची गरज नाही. त्याला दोन झाडं आणि जमिनीच्या मालकाचा होकार एवढंच लागतं. होकार मात्र लागतोच. औंढ्याच्या आसपासचं बहुतेक रान कुणाचं ना कुणाचं आहे, आणि अंधार पडण्यापूर्वी घरी जाऊन विचारलं तर क्वचितच नाही म्हणतात. बहुतेक वेळा पाणी कुठे आहे आणि कुठलं झाड चांगलं हेही तेच सांगतात.

तेव्हा सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत करा. पहिली रात्र घरामागच्या किंवा सोसायटीतल्या दोन झाडांत काढा, दुसरी औंढ्यासारख्या गावाच्या हाकेच्या अंतरावर. कुठे आहोत आणि कधी परतणार हे घरी एकाला तरी कळवून ठेवा. निघताना झाडांचे पट्टे, सुताचे तुकडे, तुटलेली दोरी सगळं उचला. चरायला आलेल्या गाईच्या पोटात प्लास्टिकची दोरी गेली, तर तिचा जीव जाऊ शकतो.